चाचांचं नाक आणि सोनचाफा

एप्रिलमधला पहिला शनिवार, सकाळचे सहा. ठिकाण खोर फक्कान. प्रवेशशुल्क माणशी एक वाक्य. हजर: चाचा, चाची, त्यांचे घरमालक, शेजारचा केरळी किराणावाला, मी, माझी बायको, आमची मुलगी, आणि ज्याच्यासाठी हे सगळं, ते अंगणातलं सोनचाफ्याचं झाड. माझ्या धंद्यात कुठल्याही व्यवहाराची नोंद अशीच सुरू होते, त्यामुळे चाचांविषयी लिहायला बसलो तरी हात आधी तिकडेच जातो. पण खरी सुरुवात अशी हवी की, अख्ख्या अमिरातीत निव्वळ नाकाने जगलेला माणूस मला एकच माहीत आहे, आणि तो म्हणजे आमचे चाचा. बाकी आपण सगळे डोळ्यांनी बघतो, कानांनी ऐकतो आणि नाक चष्मा ठेवायला वापरतो.

चाचा आमच्या नात्यातले नव्हेत. ते दापोलीकडचे कोकणी मुसलमान, आम्ही पुण्याचे. पण आमची मुलगी बोलायला लागली तेव्हा तिने त्यांना चाचा म्हटलं आणि मग घरातल्या सगळ्यांनीच. ओळख झाली ती बंदरावर. मी शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात टाइल्सच्या एका कंपनीत हिशेब बघतो, आणि आमचा माल गुजरातहून खोर फक्कानला उतरतो. तो सोडवून द्यायचं काम चाचांकडे असे. पहिल्याच भेटीत त्यांनी आमच्या कंटेनरचं सील तोडलं, दार फूटभर उघडलं, आत मान घातली, एक श्वास घेतला आणि मला म्हणाले, "यात जिरं आहे." मी कागद दाखवले. कागदांवर जिरं नव्हतं. "कागद वाचता येतात मला," ते म्हणाले, "पण जिरं आहे." टाइल्सच्या शेवटच्या रांगेमागे जिऱ्याची दोन पोती निघाली. तिकडे माल भरणाऱ्याने कुणाचं तरी सामान आमच्यात ढकललं होतं. नंतर सापडलं असतं तर आम्हाला केवढा दंड झाला असता याचा आकडा मी त्याच दुपारी काढला, आधी दिरहममध्ये आणि मग रुपयांत, आणि रुपयांतला आकडा बघून मला घाम फुटला. तेव्हापासून चाचांचा शब्द मी प्रमाण मानतो.

मी विचारलं, तुम्ही लगेच मान बाहेर का काढलीत, आणखी थोडा वास घ्यायचा ना, खात्री झाली असती. त्यावर त्यांनी मला त्यांचं एकमेव शास्त्र सांगितलं. "कंटेनर खरं बोलतो ते पहिल्या श्वासाला. दुसऱ्या श्वासाला तो थापा मारायला लागतो. तिसऱ्याला तर तू त्याच्या बाजूने थापा मारायला लागतोस."

हे शास्त्र ते सगळीकडे लावत. सुपरमार्केटमध्ये कलिंगड निवडताना लोक टिचकी मारतात. चाचा कलिंगडाचा देठ नाकाशी नेत आणि जे परत ठेवत त्याच्याकडे असं बघत की शेजारची बाईसुद्धा ते घेत नसे. गाडीत बसले की एसीचा वास घेऊन फिल्टर कधी बदलला ते सांगत. नव्या नोटा, नवं पुस्तक, धुऊन आलेला इस्त्रीचा शर्ट, मुलीच्या शाळेचं दप्तर, सगळं आधी नाकाशी. एकदा आमच्याकडे जेवायला आले असता दारातूनच बायकोला म्हणाले, "भाभी, आमटी थोडी लागलीय. पण झाकण ठेवा, हिशेबनिसाला कळणार नाही." मला खरोखरच कळली नसती. हिशेबनीस म्हणजे मी. माझं नाव त्यांना ठाऊक असावं असा माझा अंदाज आहे, पण त्याला पुरावा नाही. खोटंही वासावरून ओळखू येतं असा त्यांचा दावा होता. "खोटं बोलणाऱ्याच्या तोंडाला सुकलेल्या वेलचीचा वास येतो." चाची यावर म्हणत, "तरीच हे आरशासमोर उभे राहिले की शिंकतात."

चाचींबद्दल एवढंच सांगतो की चाचांसारख्या माणसाबरोबर संसार करायला जी जीभ लागते ती त्यांच्याकडे आहे. हातही तसाच आहे. नारळाच्या दुधातली त्यांची सांदणं खाण्यासाठी मी शारजाहून बोगद्यांच्या नव्या रस्त्याने सव्वा तास गाडी हाकत जातो, आणि पेट्रोलचा खर्च धरूनही ती स्वस्त पडतात. मनगटात हिरव्या काचेच्या बांगड्या, कायम. त्या गावाहून मागवतात. इथल्या बांगड्यांचा आवाज बोदा आहे, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचं घर डोंगराच्या पायथ्याशी आहे. जुनं, बैठं, पुढे अंगण. समोर समुद्र, मागे काळा कोरडा डोंगर. चाचा म्हणायचे, "हा डोंगर हिरवा केला की झालं आपलं दाभोळ. एवढं एकच काम राहिलंय." त्या कामाची सुरुवात म्हणून त्यांनी सोनचाफा आणायचं ठरवलं. लहानपणी त्यांच्या दर्ग्याच्या वाटेवर एक झाड होतं, ते फुललं की पोरं शाळा सोडून तिथे बसत. चाचांच्या मते त्यांचं नाक त्या झाडाखाली तयार झालं, शाळेत त्यांचं काहीच तयार झालं नाही. तर कोकणातल्या एका नर्सरीतून त्यांनी कलम मागवलं, आणि आयुष्यभर इतरांचा माल सोडवणाऱ्या माणसाने स्वतःचा माल कसा सोडवावा याचा आदर्श घालून दिला. रोगमुक्तीचा दाखला, आयात परवाना, तपासणीचा शिक्का, सगळं. हातभर उंचीच्या त्या काठीवर चारशे दिरहम खर्च झाले, म्हणजे तेव्हाचे जवळजवळ आठ हजार रुपये. मी तसं बोलून दाखवलं तेव्हा म्हणाले, "याचे कागद माझ्या कागदांपेक्षा पक्के आहेत. मला हाकलतील, याला नाही हाकलणार."

मग त्यांनी त्या काठीचे जे लाड केले ते मी स्वतःच्या मुलीचेही केले नाहीत. उन्हाळ्यात तिच्यावर हिरव्या जाळीचा मांडव. मुळाशी खजुराच्या झावळ्यांचं खत. संध्याकाळी पानं पुसायला चाचींची जुनी ओढणी, जी जुनी आहे असं फक्त चाचांचं मत होतं. वाळवंटातून गरम वारा सुटला की चाचा ऑफिसातून फोन करत, आणि चाची म्हणत, "मी बरी आहे. हो, तीही बरी आहे." दोन वर्षं झाडाने नुसती पानं दिली. तिसऱ्या वर्षीच्या थंडीत जगभर पसरलेला तो ताप चाचांनाही आला, दोन दिवस राहिला आणि गेला. हा हा म्हणता बरे झाले असं सगळ्यांना वाटलं. मग ते एकेकाला दोष द्यायला लागले. चहा भेसळीचा आहे. मसाला गेल्या वर्षीचा आहे. सुरमई आणली तर म्हणाले, "हिला धुवून विकतात का हल्ली?" केरळी किराणावाल्याशी कॉफीवरून भांडण झालं, तीन वेगवेगळ्या बरण्या परत गेल्या. चाचींना संशय आला होता. पण ज्या माणसाने अख्खी हयात नाकावर काढली त्याला तुमचं नाक गेलं असं कोण सांगणार? त्यांनी मसाला बदलला आणि गप्प राहिल्या.

अशात वसंतात झाड फुललं. पहिल्यांदाच, आणि एकदम. चाचा झाडाखाली गेले, फूल तोडलं, नाकाला लावलं, आणि घरात येऊन थेट कोकणात नर्सरीला फोन लावला. अर्धा तास ते त्या माणसावर ओरडत होते. बिनवासाचा चाफा दिला, कलमात फसवणूक केली, चाफ्याच्या नावाखाली काय कागद विकता काय. मागे उघड्या खिडकीतून येणाऱ्या वासाने चाचींचं डोकं जड झालं होतं. "तो बिचारा तिकडून शपथा घेत होता," त्या नंतर सांगत, "आणि मी इकडे उभी. अल्ला, तोंड दाबून हसू की रडू." नर्सरीवाला म्हणाला, साक्षीदार आणा. चाचांनी मला फोन केला. "हिशेबनीस, तू खोटं बोलत नाहीस, तुला कल्पनाशक्ती नाही. ये, वास घे आणि लिहून दे की वास नाही."

मी गेलो. फाटकाची कडी काढली मात्र, आणि जो वास आला त्याने मी जागीच थांबलो. चाची दारात उभ्या होत्या आणि माझ्याकडे बघून नकारार्थी मान हलवत होत्या, म्हणजे बोलू नका. चाचा झाडाखाली हात कमरेवर ठेवून उभे. "बघ," म्हणाले, "काही येतंय?" माझ्यासारख्या माणसाला अशा वेळी दुसरं काही सुचत नाही. मी म्हटलं, "येतंय, चाचा. फाटकापर्यंत येतंय."

त्यांनी कमरेवरचे हात खाली घेतले. मग म्हणाले, "म्हणजे नर्सरीवाल्याला फोन करायला हवा. माफी मागायला हवी." आणि खरंच आधी ते केलं.

म्हणजे स्थिती अशी की, ज्या झाडासाठी एवढं सगळं केलं त्याचा वास चाचांनी आजवर एकदाही घेतलेला नाही. आमचा उत्सव तिथून सुरू झाला. डॉक्टर म्हणाले होते, परत येईल किंवा येणार नाही, रोज लवंग, लिंबू असलं काही हुंगत राहा. चाचा रोज हुंगत. पण खरी परीक्षा वर्षातून एकदा, चाफा फुलेल तेव्हा, आणि परीक्षक मी. "तूच मला नापास केलंस, आता पास करायलाही तूच ये." मला काम नीट करायची सवय असल्यामुळे मी पद्धत घालून दिली. स्टीलचे तीन सारखे डबे, झाकणांना भोकं पाडलेली. एकात चाफ्याचं फूल, दोन रिकामे. चाचांच्या डोळ्यांवर ओढणी. मी एकेक डबा नाकाखाली धरायचा, त्यांनी सांगायचं. नुसतं ठोकून दिलं तरी तीनातून एकदा बरोबर यायला हवं, पण चाचा दर वर्षी ठामपणे रिकामा डबा निवडत आणि त्याचं असं रसभरीत वर्णन करत की मला स्वतःला डबा उघडून पाहावासा वाटे.

परीक्षा झाली की लोक येत. सुरुवातीला आम्हीच होतो, मग गल्ली आली, मग बंदरावरची माणसं, आणि आता त्या छोट्या गावात चाचांच्या चाफ्याची सकाळ सगळ्यांना ठाऊक आहे. फक्त ती कधी असते हे कुणालाच ठाऊक नसतं, कारण तारीख झाड ठरवतं. आदल्या संध्याकाळी फोन येतो: "फुललाय. या." मी एकदा सुचवलं की एप्रिलचा दुसरा शनिवार कायमचा धरू, लोकांना सोयीचं पडेल. चाचा म्हणाले, "झाडाला सांगून बघ." एका वर्षी ते रमजानमध्ये फुललं, तर सकाळची सांदणं संध्याकाळी रोजा सोडताना खाल्ली. आणि प्रवेशशुल्क असं की, आत आलेल्या प्रत्येकाने वास घ्यायचा आणि तो कशासारखा आहे ते एका वाक्यात चाचांना सांगायचं. 'छान' चालत नाही. दुसऱ्या फुलाचं नाव चालत नाही. अत्तराच्या कंपनीचं तर नाहीच. त्यांना वाटे की कुणाच्या तरी वाक्यातून एक दिवस तो वास डोक्यात शिरेल, आणि डोक्यातून खाली नाकात उतरेल. डॉक्टरांना हा मार्ग माहीत नव्हता.

लोकांनी काय काय भरलं म्हणून सांगू! माझी बायको पहिल्याच वर्षी म्हणाली, "नुकतंच न्हाऊ घातलेलं बाळ, पण श्रीमंताघरचं." पास. मुलगी म्हणाली, "इट्स लाइक बबलगम, बट विथ अ पीएचडी." चाचांनी तिच्याकडून त्याचा अर्थ समजावून घेतला आणि पास केलं. केरळी किराणावाला, ज्याच्याशी कॉफीवरून झालेलं भांडण त्याने स्वतःच विसरून टाकलं होतं, तो म्हणाला, "चाचा, जुलै में एसी बंद हुआ, दो दिन बंद, फिर अचानक चालू हुआ. वैसा." घरमालक म्हणजे इथलेच एक वयस्क अरब, तरुणपणी होडी घेऊन समुद्रात जात. त्यांना सगळे अरबाब, म्हणजे मालक, म्हणतात. ते कॉफीचा थर्मास घेऊन येतात आणि दर वर्षी तेच सांगतात: "सुबह समंदर से वापस आया, मछली बहुत मिला, घर में चाय बना हुआ है." चाचा विचारतात, "इसमें फूल किधर है?" अरबाब म्हणतात, "चाय में, हबीबी."

माझं शुल्क मात्र दर वर्षी नाकारलं जाई. मी प्रामाणिकपणे सांगे की चाफ्याचा वास चाफ्यासारखा आहे. चाचा म्हणत, "हे नाणं इथे चालत नाही. परीक्षक म्हणून फुकट आत घेतो, पण लाज वाटू दे."

यंदा रमजानमध्येच चाचींचा बायकोला फोन आला होता. चाचा म्हणतायत, हे शेवटचं. यंदा वास आला नाही तर परीक्षा बंद, उत्सव बंद, झाड अरबाबच्या ताब्यात देऊन गावी जायचं. "तिकडे तरी काय," चाची म्हणाल्या, "तिकडे तर पावलापावलावर वास आहेत. इथे एक झाड आहे, तिथे सगळं गाव त्यांना दिसेल आणि वास येणार नाही." बायकोने मला यातलं निम्मंच सांगितलं. निम्मं का, ते मला त्या शनिवारी कळलं.

ईद होऊन गेली होती. आम्ही उजाडता उजाडता पोचलो. परीक्षेला नेहमीप्रमाणे आम्ही सातच, बाकी लोक आठनंतर. मी आत जाऊन डबे भरले, बाहेर आणले. चाचा खुर्चीवर डोळे बांधून बसलेले, एखाद्या नवऱ्या मुलासारखे ताठ. चाची त्यांच्या मागे. पहिला डबा धरला. "नाही." दुसरा धरला. चाचांनी श्वास घेतला, थांबले, मान वर केली. "हा."

तोच होता.

किराणावाल्याने शिट्टी मारली. अरबाब उभे राहिले. मुलगी "ओ माय गॉड, चाचा!" म्हणून नाचायला लागली. मी म्हटलं, "एकदा बरोबर येणं म्हणजे तसं नुसत्या अंदाजानेही…" आणि बायकोने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी आमच्या लग्नात हुंड्याविरुद्ध भाषण करणाऱ्या तिच्या काकांकडे पाहताना पाहिली होती. पण चाचाच म्हणाले, "हिशेबनीस म्हणतो ते बरोबर. पुन्हा घे."

पुन्हा घेतली. मी डब्यांचा क्रम बदलला, या वेळी फुलाचा डबा तिसरा होता. पुन्हा बरोबर. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही होता, पण माझ्या मनाची बैठक अशी आहे की ताळेबंद पहिल्याच फटक्यात जुळला की मला झोप येत नाही. तिसऱ्या वेळी मी चाचांकडे न बघता बाकीच्यांकडे बघायचं ठरवलं. पहिला डबा पुढे केला. सगळे स्तब्ध. दुसरा पुढे केला, ज्यात फूल होतं, आणि चाचांच्या खुर्चीमागे चाचींनी पदर सारखा केला. बांगड्या किणकिणल्या.

मी हात तसाच धरून राहिलो. चाची माझ्याकडे बघत होत्या. बायकोही. किराणावाला आकाशाकडे बघत होता, म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. फुलाच्या डब्यावर खूण कुणी केली होती ते मला विचारावं लागलं नाही, कारण मुलीने एकदम मोबाइल काढून त्यात डोकं घातलं. एवढ्या मोठ्या कटात परीक्षक तेवढा बाहेर होता. मी गप्प बसलो असतो तर उत्सव वाचत होता, चाची सुखी होत होत्या, चाचा इथे राहत होते. सगळी जमेची बाजू. पण पहिल्या वर्षी मला बोलावून आणलं होतं ते मी खोटं बोलत नाही म्हणूनच ना?

"चाची," मी म्हटलं, "बांगड्या."

एवढंच म्हटलं. मग ओढणीखालून चाचा हसायला लागले.

"अरे, तिला काय सांगतोस! मी पहिल्याच खेपेला ओळखलं. बाहेरून टिचकी मारून कंटेनर भरलेला की रिकामा सांगणारा माणूस मी, मला घरची बांगडी कळणार नाही?"

"कळलं होतं?" चाची म्हणाल्या. "मग बोलला का नाहीत?"

"काल तू सांदणाचं पीठ वाटताना गुणगुणत होतीस. ताप आल्यापासून ऐकलं नव्हतं ते. म्हटलं, होऊन जाऊ पास. काय जातंय."

चाचींचा चेहरा लाल झाला. "म्हणजे मी तुम्हाला फसवतेय, आणि तुम्ही मला फसवताय, आणि हे भाऊ दोघांची हजेरी घेतायत! वा!" त्यांनी एकेक करून बांगड्या काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि हात पुढे करून मला दाखवले. "घ्या. आता घ्या खरी परीक्षा. यल्ला, चला."

मी आत गेलो, डबे बदलले, बाहेर आणले. चाचांनी या वेळी घाई केली नाही. पहिला, दुसरा, तिसरा. पुन्हा पहिला. दर वर्षी ते ठोकून द्यायचे, वर्णन करायचे, आम्हाला हसवायचे. यंदा त्यांनी तिन्ही डबे हाताने बाजूला सारले आणि म्हणाले, "तिन्ही रिकामे आहेत."

ओढणी सोडून त्यांनी ती घडी घालून मांडीवर ठेवली. "खलास," म्हणाले. किराणावाल्याने "चाचा, नेक्स्ट इयर, इन्शाल्ला" असं काहीतरी सुरू केलं आणि अर्ध्यावर सोडलं. मला त्या क्षणी दुसऱ्या कुठल्याही खात्यावर बदली हवी होती. मग चाचाच सावरले. "चला, शुल्क भरा. शेवटचं म्हणून सूट नाही. अरबाब?"

अरबाबनी समुद्रावरून येऊन चहा घेतला. बायकोने, मुलीने, किराणावाल्याने भरलं. चाचा माझ्याकडे वळले. "तुझं खोटं नाणं राहू दे खिशात."

मी म्हटलं, "थांबा." खरं तर मी काही ठरवलं नव्हतं. मला उपमा सुचत नाहीत. मी फक्त आठवून सांगितलं. "गावाहून कुणी येतं, आपल्यासाठी बॅग घेऊन. इथे घरी येऊन आपण तिची चेन ओढतो. ती चेन ओढल्यावर जो पहिला वास येतो ना, चाचा, तसा आहे. लोणचं, लाडू, वर्तमानपत्र, कुणाच्या तरी कपाटातली गोळी, सगळं वेगवेगळं सांगता येत नाही. पण नंतर नाक आत घालून बसलो तरी तो पुन्हा येत नाही. मग ती नुसती बॅग असते."

चाचा खुर्चीतून पुढे झुकले. "पहिला श्वास."

"पहिला श्वास," मी म्हटलं.

"आणि आता? तू या झाडाखाली तासभर उभा आहेस. आत्ता, या क्षणी तुला वास येतोय? खरं सांग."

मी श्वास घेतला. पुन्हा घेतला. "नाही, चाचा. आत्ता नाही येत. नाक सरावलं."

"अरबाब, आपको?"

अरबाबनी डोळे मिटून प्रयत्न केला. "नहीं. खलास हो गया."

"भाभी?" बायकोने मान हलवली. मुलगी म्हणाली, "ऑनेस्टली? नो." चाचांनी चाचींकडे पाहिलं. त्या म्हणाल्या, "मी तर इथेच राहते. मला कालपासूनच येत नाही."

चाचा जे हसायला लागले ते खोकला लागेपर्यंत. "म्हणजे आत्ता या अंगणात सगळे माझ्यासारखे! एकालाही वास नाही, आणि वर शुल्क भरून! अरे, तुम्ही माझ्यापेक्षा एका श्वासाने श्रीमंत, बस. एका श्वासाने!" डोळे पुसत ते उठले आणि आम्हाला हाकलायला लागले. "चला, बाहेर व्हा. सगळे फाटकाबाहेर. नाकं धुवून या."

आम्ही मुकाट्याने बाहेर रस्त्यावर जाऊन उभे राहिलो. समोरून खारा वारा येत होता, बंदरात क्रेन हलत होत्या. चाचांनी आतून फाटक लावून घेतलं. मग कडी काढली आणि फाटक फूटभर उघडलं, कंटेनरचं दार उघडायचे तसं. "एकेक या. आणि तोंड माझ्याकडे."

पहिले अरबाब गेले. फाटकातून पाऊल आत पडलं आणि त्या वाळलेल्या, सुरकुतलेल्या चेहऱ्यावर काहीतरी झालं. भुवया वर गेल्या, ओठ सुटले, ते क्षणभर विशीतले दिसले. चाचा हातभर अंतरावरून बघत होते, पापणी न हलवता. मग बायको गेली. मग मुलगी, जी मोबाइल खिशात ठेवून गेली. मी आत पाऊल टाकलं तेव्हा माझ्या चेहऱ्यावर काय झालं ते मला माहीत नाही. चाचा म्हणाले, "अच्छा. असा आहे होय."

आठ वाजता लोक यायला लागले. दर वर्षी चाचा झाडाखाली खुर्ची टाकून शुल्क गोळा करत. यंदा खुर्ची फाटकापाशी होती. बंदरावरची पोरं, कुणाची आजारातून उठलेली सासू, शाळेची बस चालवणारा पठाण, प्रत्येकाला ते एकेकटं आत सोडत होते आणि प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होते. वाक्यं नंतर. चाचींनी हात धुऊन बांगड्या परत घातल्या होत्या आणि सांदणं वाढता वाढता ओरडून विचारलं, "मग अरबाबला झाडाच्या चाव्या द्यायच्या का?" चाचांनी मागे न बघता हात हलवला. "पुढच्या वर्षी बघू. आत्ता गर्दी आहे."

निघताना त्यांनी माझ्या खिशात एक फूल ठेवलं. पहिल्या बोगद्यात वास गाडीभर होता, दुसऱ्यात मला वाटतं होता, तिसऱ्यात नव्हता. मागून मुलगी म्हणाली, "बाबा, काच जरा खाली करा, मग परत लावा." एरवी ती माझ्याशी इंग्रजीतच बोलते. मी काच खाली केली, डोंगरातली गरम हवा आत आली, मी काच लावली, आणि तो पुन्हा आला.

नोंद पूर्ण करतो. माझ्याकडून भरणा: एक वाक्य, जरा लांबलेलं. कुणाला: चाचांना, झाडाखाली. नाणं तपासून घेतलं. चाललं.